प्रोफेसरांचा वन्समोअर

कलावंताला मरण नसते. मधुकर तळपद्यांना मात्र मुलुंडच्या गणेशोत्सवात एकाच अंकात दोनदा मरावे लागले, आणि दुसऱ्यांदा तर ते स्वखुशीने मेले.

नाटकात ते क्षयाने खंगलेले प्रोफेसर होते. एरवी विमा कंपनीत हेडक्लार्क. मुलुंडच्या या हौशी रंगभूमीची त्यांना मनस्वी किळस होती. भाड्याच्या मिशीला आधीच्या धन्याच्या तंबाखूचा वास यायचा. प्रेक्षक शेंगा खात रडायचे आणि टरफले पुढच्याच्या खुर्चीत टाकायचे. पण सगळ्यांत ओंगळ तो वन्समोअर. मेलेल्याने टाळ्यांसाठी उठून बसावे, याला मधुकरराव ‘प्रेताची लाचारी’ म्हणत.

तिसऱ्या अंकाआधी मंडळाचे चिटणीस नंदकुमार धापा टाकत आत आले.

“मधुकरराव, पहिल्या रांगेत सिल्कचा बुशशर्ट दिसला? दशरथशेठ. अंधेरीच्या स्टुडिओतले. मुद्दाम येऊन बसलेत.”

“कशासाठी?”

“ते मागाहून सांगतो. तुम्ही आपलं काम झकास करा. वाट लावू नका म्हणजे झालं.”

सिनेमात घ्या म्हणून मधुकरराव त्या स्टुडिओवर कितीदा तरी जाऊन आले होते. फाटकावरच्या गुरख्यापलीकडे त्यांची कला कधी पोचली नव्हती. आज स्टुडिओच मुलुंडला आला होता! रुमालावर रक्ताचा एक ठिपका पुरे, असे तालमीत ठरले होते. मधुकररावांनी कुंकू कालवलेल्या पाण्याचा तांब्याच रंगमंचावरच्या मखमली सोफ्यामागे नेऊन ठेवला.

मरणाची घटका आली. त्यांनी तोंडभर घोट घेतला, खोकले, आणि बायकोच्या भूमिकेतल्या सुलक्षणाबाईंकडे झुकले.

“अहो, माझ्याकडे तोंड करून मरू नका ना!” त्या हुंदक्यातून कुजबुजल्या. “साडी जावेची आहे.”

म्हणून ते सोफ्याकडे तोंड करून मेले. राखी मखमल लालभडक झाली. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्यांनी पाहिले, तर दशरथशेठ डोक्याला हात लावून उभे! मंडप ओरडला, “वन्समोअर!” विंगेत नंदकुमार दोन्ही हात हलवत होते. हा आग्रह मोडवेना. प्रेत उठले, तांब्यातले उरलेसुरले तोंडात घेतले, आणि पहिल्याहून जिवंत मरण मेले.

पडदा पडताच दशरथशेठ थेट रंगमंचावर चढले.

“जरा उठता का?”

मधुकररावांनी उठून विनयाने हात जोडले. दशरथशेठ त्यांच्या जागी गुडघे टेकून मखमल खसाखसा पुसू लागले.

“नंदकुमार, म्हणून समोर बसलो होतो रे मी! सकाळी शूटिंगला हाच सोफा लागतो!”

मग त्यांनी मधुकररावांकडे एकदाच पाहिले; मधुकरराव टरफलांकडे पाहत, अगदी तसे.

कुंकवाचा डाग मखमलीवरून निघत नाही.