अंगठा दाबला तरी

आमच्या वांकिडीत बाया नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूबाईंनी मला लग्नातच बजावलं होतं. मग झोपलेल्या नवऱ्याला उठवायचं कसं? पायाचा अंगठा दाबून. बावीस वर्षं मी तेच केलं.

दुपारी जेवून आडवे झाले की आमचे हे असे घोरायचे, की शेजारच्या द्वारकाबाई विचारायच्या, "राहीबाई, पिठाची चक्की घेतली काय वो?" घोरण्याचं मला काही नव्हतं. भीती होती ती घोरणं थांबायची. मध्येच आवाज बंद व्हायचा, छाती हलायची नाही. मी अंगठा दाबला की मोठा श्वास ओढून गाडी पुन्हा सुरू.

साखरेची बिमारी निघून सात वर्षं झालेली. गोळ्या मनात आल्या तर घ्यायचे. बैलगाडीत जास्त मावावा म्हणून भरलेला कापूस अनवाणी तुडवायला मात्र सगळ्यांच्या पुढे. वर फुशारकी, "माह्या पायाले काटाच भेते!" मेलं कौतुक!

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर एका दुपारी कापूस तुडवून हे ओसरीवर झोपले. घोरणं थांबलं. मी अंगठा दाबला. काही नाही. करकचून चिमटा काढला, तरी नाही. ओठ निळे पडायला लागले तशी मी ओरडले,

"चंपतराव! ओ चंपतराव!"

हे ताडकन उठून बसले. "काऊन नाव घेऊन राह्यली? मले मारतं काय?"

"अंगठा किती दाबला तुमचा!"

"कवा?"

तेव्हा मी तळवा पाहिला. अंगठ्याखाली बाभळीचा अख्खा काटा रुतलेला, भोवती पू. ह्यांना पत्ताच नव्हता.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी काटा काढला. म्हणाले, साखरेनं पायाची जाणीव गेलीय, आणखी आठवडाभर कळलं नसतं तर पाय कापावा लागला असता. झोपेत श्वास अडकतो, वजन उतरवा, कुशीवर झोपा. मला तिथंच रडू फुटलं.

परतताना बसमध्ये ह्यांनी पट्टी बांधलेला पाय मांडीवर घेऊन पाहिला. मग म्हणाले, "आता नावानंच उठवत जाय."

आता रोज आधी तळवे बघते, मग खणखणीत नाव घेते. द्वारकाबाई कुंपणावरून तोंडाला पदर लावतात. लावू देत. आयुष्य घटवायला लागून चौथं वर्ष आहे, आणि दोन्ही पाय शाबूत आहेत.