उसनी गोळी

आमच्या हसनाबादला शेजारीण दारात आली की रिकाम्या हातानं पाठवायची पद्धत न्हाई. विरजण न्या, कढीपत्ता न्या, सुईदोरा न्या, माझी काई ना न्हाई. पण माझी गोळी? अगं बाई, माझी गोळी!

माझी लेक आकांक्षा पोट चिरून झाली, तवाच डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, दुसऱ्याची घाई बिलकुल करू नका. मला तर पोलीस भरतीत उतरायचं होतं. मैदानी चाचणी तोंडावर आल्ती, रोज पहाटं भोकरदन रोडनं पळून राह्यले होते. त्यात दिवस गेले तर संपलंच. पुढची भरती निघंपर्यंत माझं वय निघून जाईल. म्हणून आमच्या आशाताई वंदनाकडून पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतल्या. पाकिटावर पेनानं वार लिहिले अन् देवघराच्या फळीवर ठेवलं, म्हंजे दिवा लावताना आठवण राहील.

तरी पाळी चुकली.

"तू इसरली असशील," कल्याण म्हणला. नवरा झाला म्हणून काई बी बोलावं का?

"इसरायला मी काय तुमच्यासारखी हाय? बघा पाकीट! शिल्लक हाय का एक तरी गोळी?"

वंदनाताईला बोलवलं. ती म्हणली, उद्या सकाळी तपासणी कर. तेवढ्यात शेजारच्या पुष्पाबाई दारात.

"तुळजाबाई, उद्या आमच्याकडं सत्यनारायण हाय, अन् सुनेची तारीख बी तवाच येऊन राह्यली. ती पाळी ढकलायची गोळी द्या की. मागं दिल्ती तशी."

आत्याबाई, म्हंजे माझी सासू तुळजाबाई, निवांत उठल्या अन् देवघराकडं निघाल्या. वंदनानं कालच आणून दिलेलं नवं पाकीट होतं तिथं.

"आत्याबाई! कोणाकोणाला दिल्या?"

"पुष्पाला दिली, तिच्या जावंला दिली, काकासाहेबाच्या लग्नात करवलीला दिली. देवाधर्माच्या कामाला न्हाई कसं म्हणावं? अन् ओळीनंच काढल्या बरं का, तुझा गोंधळ नको व्हायला."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. कडंवर लेकरू रडून राह्यलेलं, इकडं भाकर करपून राह्यली. मी पाकीट बघायची. आज शनिवार, शनिवारची जागा रिकामी. मंग घेतलीच असंल म्हणून सोडून द्यायची.

वंदनाताईनं कपाळाला हात लावला. "अशा एका गोळीनं पाळी ढकलत न्हाई, पुष्पाबाई. अन् बीपी असलेल्या बाईनं न इचारता घेतली तर भलतंच व्हायचं. ज्याची गोळी त्यानंच घ्यायची, अन् रोज घ्यायची."

"मंग आमची पूजा?"

"पूजेची तारीख सुनेला इचारून धरत जा."

मला हसू बी येईना. मी भिंतीला टेकून रडायलाच लागले.

"एवढं काय त्यात?" आत्याबाई म्हणल्या. "झालंच तर नातू येईल."

"नातू येईल, पण माझी वर्दी जाईल, आत्याबाई!"

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणल्या, "मला सात झाले. पाहिजेत का म्हणून कोणी इचारलंच न्हाई."

सकाळी तपासणीत एकच रेघ आली, म्हंजे दिवस न्हाईत. मी आकांक्षाला उचलून अंगणात अशी नाचले की कल्याण म्हणला, पाय मुरगळंल, उद्या पळायचंय. पाळी बी आली दोन दिवसांत. वंदनाताई म्हणली, "तुला आठवण ठेवायला सवड न्हाई, तू तांबी बसव. वर्षानुवर्षं बघायला नको, अन् पाहिजे तवा काढता येती." दवाखान्यात जाऊन बसवून आले.

पुढच्या आठवड्यात पुष्पाबाई परत हजर. "भाच्याचा साखरपुडा हाय वो, एक गोळी..."

आत्याबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "गोळ्या बंद झाल्या आमच्याकडं. विरजण पाहिजे तर वाटी आण."

मंग माझ्याकडं वळल्या. "अन् तू काय तोंड बघत बसली? जल्दी पळायला जा, लेकरू मी बघते."