डावा मुंढा

"फक्त उजवीकडे सोड," रश्मी म्हणाली. "डावीकडे हात लावू नकोस."

"कोट आहे तो, पायजम्याची नाडी नाही, एका बाजूने ओढायला," मी म्हटलं.

अंधेरी कोर्टासमोरच्या गल्लीत माझं दुकान. एकवीस वर्षं वकिलांचे काळे कोट शिवतेय. रश्मी आणि मी जोगेश्वरीच्या एकाच शाळेतल्या. अख्खी गल्ली तिला मॅडम म्हणते, मला त्यामुळे ते नाही जमत. आठ महिन्यांनी आली होती. केस बारीक कापलेले, चेहरा उतरलेला. कोट काखेत दाटतो म्हणाली, आणि घालून दाखव म्हटलं तर नको म्हणाली.

"घरी बसून अंग सुटलं की काय गं?"

"तसंच समज. सोमवारी माझी तारीख आहे, कमल. माझ्या सगळ्या केसेस आमच्या सीनियरकडे, जयवंत सरांकडे गेल्यात. कोटात अवघडलेली दिसले ना, तर 'आराम करा मॅडम' म्हणतील आणि एकपण परत देणार नाहीत. कोणाला काही कळता कामा नये."

काय कळता कामा नये, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. कामाचा ढीग पडला होता, आणि गिऱ्हाईक शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, नेहमी जोडीने कापायचा, असं सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हाताला तीच सवय. उजव्या काखेची शिवण उसवली, मुंढा अर्धा इंच खाली कापला, कोट फिरवला आणि डावाही तसाच कापून टाकला.

रविवारी दुपारी ती आली. पडद्यामागे जाऊन कोट घालून बाहेर आली. उजवीकडे अजूनही दाटत होता. डावा हात वर केला तर अख्खा कोट त्याच्याबरोबर वर चढला; मुंढा नको तितका खाली गेला की असंच होतं.

"डावीकडे कापलंस?"

"कापलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती आरशात बघत राहिली.

"थांब, टाचून बघते," म्हणत मी उजव्या काखेत टाचण्या लावायला घेतल्या. घाईत एक आरपार गेली. माझ्या बोटांना कळलं ते. ती मात्र हलली नाही. कोट बाजूला केला तर पांढऱ्या शर्टावर लाल ठिपका.

"अगं बाई, रक्त आलं! ओरडायचं नाही का?"

"तिथे मला काही कळत नाही," ती म्हणाली, कोणाला पत्ता सांगावा तशी. "कॅन्सर होता. छातीची उजवी बाजू काढलीये. काखेतल्या गाठीपण काढल्या, तेव्हापासून हात सुजतो. त्या हाताला सुईसुद्धा लावू नका म्हणालेत डॉक्टर."

मला माझी लाज वाटली. अंग सुटलं म्हणाले होते मी तिला. कापसाने डेटॉल लावला. तिने हात वर धरून ठेवला होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"रडलीस तरी का गं?"

"रडू येत नाही. सगळंच तसं झालंय."

मी शटर अर्धं ओढलं. कापलेलं कापड काही परत येत नाही, आणि जुन्या काळ्यात नवं काळं लगेच ओळखू येतं. शेवटी कोटाचीच खालची मुडप उसवली आणि काखेत बसवायला दोन तुकडे काढले, उजवीकडे रुंद, डावीकडे चिंचोळा. तीन तास गेले. ती स्टुलावर बसून होती. तिचा चहा तसाच गार झाला. कोट बोटभर आखूड झाला खरा, पण तिने दोन्ही हात वर केले तेव्हा जागचा हलला नाही.

"झकास," मी म्हटलं. तिने मान हलवली.

पुन्हा माती खायला नको म्हणून मी मापांची वही काढली. तिच्या नावापुढे मुंढ्याची दोन मापं लिहिली, उजवा वेगळा, डावा वेगळा. एकवीस वर्षांत असं कोणाचं लिहिलं नव्हतं. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"छातीचंपण तसंच लिही," ती म्हणाली.

मी गळ्यातला टेप काढला. तिने स्वतःच कोटाची बटणं सोडली आणि दोन्ही हात बाजूला धरून उभी राहिली.