तिसरा आक्षेप

दोन आक्षेपांना उत्तरं देऊन झाली आणि तिसऱ्यापाशी मावशी थांबल्या. पेल्यातलं पाणी प्यायल्या, पेला जागेवर ठेवला, पदर सारखा केला. तिसऱ्याचं उत्तर मात्र सुरू केलं नाही.

सभागृहात सगळं कॉलेज बसलं होतं. सगळं म्हणजे तरी किती, दोन बसमध्ये मावेल एवढंच. डोंगरउतारावरची दगडी इमारत, मधोमध चॅपल, आणि भूमितीपासून जुन्या नाटकांपर्यंत, ग्रहताऱ्यांपासून देवापर्यंत सगळं सगळ्यांनी शिकायचं, असा तिथला शिरस्ता. शेवटच्या वर्षी लेखी पेपर नसे. विद्यार्थ्याने एक प्रश्न निवडायचा आणि सगळ्यांसमोर उभं राहून आधी स्वतःच्याच श्रद्धेविरुद्ध बोलायचं. मिळमिळीत नाही, वैऱ्याने बोलावं तसं. तीन आक्षेप मांडायचे आणि मग एकेक करून खोडायचे. आक्षेप खोटा वाटला तर परीक्षक तिथेच थांबवत. उत्तर राहिलं तर पदवी राही.

मावशींचा प्रश्न होता, देव प्रार्थना ऐकतो का?

देवाला सगळं आधीच ठाऊक आहे तर सांगायचं कशाला, हा पहिला आक्षेप. त्याची इच्छा बदलत नाही तर मागायचं कशाला, हा दुसरा. दोन्ही त्यांनी उत्तम खोडले. तर्कशास्त्राचे तरुण प्राध्यापक तर मान डोलावत होते. तिसरा आक्षेप मात्र पुस्तकातला नव्हता. एका वॉर्डात शेजारी शेजारी दोन खाटा. दोन्हींवर दोघींचे नवरे, एकच आजार, एकच डॉक्टर. दोघींच्या हातात जपमाळ. एकीचा माणूस स्वतःच्या पायांनी घरी गेला, दुसरीचा चादर ओढून नेला. देवाने एकीचंच ऐकलं असेल तर तो बाप कसला? आणि दोघींचं ऐकून एकीला नाही म्हटलं असेल, तर ऐकणं कशाला म्हणायचं?

दुसरी बाई कोण, हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं.

प्राचार्या सिस्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

बाजाराच्या वळणावर मावशींचं केस कापायचं दुकान होतं. एक खुर्ची, एक आरसा, बाकड्यावर जुनी मासिकं. नवरा गेल्यावर दर रविवारी त्या कॉलेजच्या चॅपलमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला येऊन मागे बसायच्या, तिथल्या म्हाताऱ्या फादरांचं प्रवचन ऐकायला. फादर प्रवचन गात. सुरुवात बोलण्यातच व्हायची. हरवलेल्या मेंढराची नाहीतर विहिरीवरच्या बाईची साधी गोष्ट. सांगता सांगता एखादं वाक्य हळूच सुरात शिरायचं, आणि कधी शिरलं ते कळायचंही नाही. माणूस रडायला आलेला असो की झोपायला, त्या सुराने ताठ बसायचा. हा सूर येतो कुठून ते बघावं, म्हणून मावशींनी पन्नाशीला कॉलेजात नाव घातलं.

त्यांच्या भावाने कपाळाला हात लावला होता. आता काय वेणीला रिबन बांधून जाणार का, असं त्याने भर दुकानात विचारलं. गिऱ्हाइकंही सोडत नसत. एवढं शिकून करणार काय, असं कोणी म्हटलं की मावशी सांगत, केसच कापणार, पण तुमच्या डोक्यात काय चाललंय ते कळून कापेन. वर्गातल्या विशीतल्या पोरींनी पहिल्याच दिवशी त्यांना मावशी करून टाकलं, आणि महिन्याभरात प्राध्यापकही मावशीच म्हणू लागले.

चहाच्या सुट्टीत सिस्टर त्यांना चॅपलशेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. म्हातारे फादर तिथे आधीच येऊन बसले होते. मावशींचे मार्गदर्शक तेच. सिस्टर कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून पाहिलं. उत्तर तुम्हाला पाठ आहे, वर्गात तुम्हीच ते इतरांना शिकवलंत. आपल्याला दिसत नाही तेही भलंच असतं, नकारही देणंच असतं, एवढंच म्हणायचंय. दोन वाक्यं. आक्षेप उभा राहिला तर मी कितीही म्हटलं तरी नियम मोडता येणार नाही.

"सिस्टर, नियम मोडा असं मी कुठे म्हणतेय?" मावशी म्हणाल्या.

मग फादर बोलले. त्यांचा आवाज बोलण्यात फार थकलेला वाटायचा.

"बाई, हे उत्तर मी आयुष्यभर गात आलोय. तू मागच्या बाकावर डोळे मिटून ऐकायचीस. तेव्हा खोटं वाटलं का तुला?"

"तुम्ही गाता तेव्हा खरंच वाटतं, फादर. मी बोलायला गेले की जीभ अडखळते."

"का?"

मावशींनी खिडकीबाहेर बघितलं. "जिचा माणूस घरी गेला ना, ती बाई माझ्याकडेच येते केस कापायला. खुर्चीत बसते, आरशात बघते आणि म्हणते, देवाने माझं ऐकलं हो. मी कात्री थांबवत नाही. चांगली बाई आहे, तिचा राग नाही मला. पण हे उत्तर दिलं ना, तर माझा माणूस मेला ते माझ्या भल्यासाठी, असं मला माझ्या तोंडाने म्हणावं लागेल. तेही चार भिंतींत नाही, सगळ्या पोरींसमोर. त्यातल्या कुणावर उद्या तीच वेळ आली, तर ती म्हणेल मावशी असं म्हणाल्या होत्या."

फादरांनी मान खाली घातली. नापास होशील गं, एवढंच ते हळू म्हणाले. मावशी म्हणाल्या, होऊ दे.

सुट्टीनंतर त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

"तिसरा आक्षेप मी खोडत नाही," त्या म्हणाल्या. "तो उभा आहे. मी प्रार्थना रोज करते आणि मरेपर्यंत करणार. हे कोडं कुणाला सुटत असेल तर सोडवून दाखवावं. पण याचं उत्तर माझ्याकडे मागू नका. ज्याला मी विचारलंय, त्याने द्यायचंय. त्याची बाजू सावरायला मी खोटं बोलावं, एवढा काही तो लंगडा नाही."

मागे कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला आणि सिस्टरांकडे बघून खाली घेतला.

निकाल संध्याकाळच्या आत लागला. पदवी नाही. पुढच्या वर्षी नवा प्रश्न घेऊन उभं राहता येईल, असं सिस्टरांनी सांगितलं. मावशींनी विचारलं, तोच प्रश्न घेतला तर चालतो का? सिस्टर म्हणाल्या, नियमात त्याला मनाई नाही. मग तोच घेते, मावशी म्हणाल्या.

भाऊ म्हणाला, एवढी वर्षं घासलीस आणि दोन वाक्यांसाठी सगळ्यावर पाणी फिरवलंस. मावशी म्हणाल्या, दोनच वाक्यं होती, म्हणून तर परवडलं.

पदवीदानाच्या दिवशी सकाळपासून दुकानात पोरींची रांग. काळी टोपी घसरू नये म्हणून कुणाचे केस मागे बांधायचे, कुणाचे कापायचे. मावशींना तोंड कसं दाखवायचं म्हणून पोरी आधी मासिकांत डोकं घालून बसल्या होत्या. मावशींनीच एकीला टपली मारली, मान ताठ ठेव, नाहीतर भांग वाकडा जाईल आणि फोटोत जन्मभर राहील. मग सगळ्याच हसल्या.

शेवटची पोरगी गेल्यावर त्यांनी खाली पडलेले केस झाडले, हात धुतले, चांगली साडी नेसली आणि दुकान बंद करून कॉलेजात गेल्या. घरच्या मंडळींसाठी ठेवलेल्या खुर्च्यांत जाऊन बसल्या. एकेक नाव पुकारलं गेलं तशा प्रत्येकीसाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी म्हातारे फादर मागण्या गायला उभे राहिले. आजाऱ्यांसाठी, प्रवासातल्यांसाठी, गेलेल्यांसाठी. दर मागणीनंतर सगळ्यांनी मिळून म्हणायचं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. ऊन चढलं होतं, लोकांना जेवणाची घाई होती, आवाज पुटपुटल्यासारखा येत होता. गेलेल्यांसाठीची मागणी गाताना फादरांचा सूर मध्येच तुटला. ते थांबले. लोकही थांबले.

"हे प्रभो," मावशींचा एकटीचा आवाज आला, "आमची प्रार्थना ऐक."

पुढच्या दोन रांगा मागे वळून बघू लागल्या. त्या आवाजात विनवणी नव्हती.