नळीवरचं ओलं कुंकू

खामगावच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात अब्दुल गनीनं एकवीस वर्षं वीज सांभाळली. मालकांच्या घरच्या कीर्तनाला दर साली माईकही तोच लावी. बुवांचा शब्द मांडवातल्या शेवटच्या माणसाला पोचला पाहिजे, एवढीच त्याची सेवा. दसऱ्याच्या सकाळी मात्र त्याचा स्वतःचा शब्द हातभर लांब पोचला नाही.

हंगामाचा मुहूर्त होता. फाटकाबाहेर बीटी कापसाच्या गाड्यांची रांग. बोंडं किडकी, भाव रोज उतरता. पूजेसाठी मोठ्या स्विचचं कपाट उघडं होतं, चौकटीवर झेंडूचा हार. मालकीण शरयूबाईंनी आतल्या तिन्ही चिनीमातीच्या नळ्यांना पाण्यात कालवलेलं कुंकू मनोभावे लावलं. एका नळीवर त्याचा ओघळ थेट खालपर्यंत उतरला. मालक शंकररावांनी वीज सोडायच्या मुठीकडे हात नेला, अन् गनीच्या तोंडून घाईत निघून गेलं,

"बाई, आधी कुंकू पुसा."

ज्या घरात बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणतात, तिथं नवऱ्यादेखत सवाष्णीला हे बोलणं. शरयूबाईंचा हात कपाळाकडे गेला. दिवाणजी तुळशीरामनं गनीच्या कानाखाली ठेवून दिली.

"नळीवरचं म्हणतो मी," गनी गाल धरून म्हणाला. "ओलं हाये. वीज त्याच्यावरून सरपटते, मालक."

"मले शिकवतं का बे?" शंकरराव खेकसले. "कंपनीचा माणूस सांगून गेला, नळीत हवाच नाही. ठिणगी पडतच नाही."

"आत नाही पडत. हे नळीच्या अंगावरून जाईन."

"माह्यं मीठ खाऊन माह्यंच मरण चिंततं. हटवा याले."

दोघा हमालांनी त्याला मागं ओढलं.

"निदान दार तरी लावा."

"दार लावलं तं हार चेंगरते ना, गनीभाई," तुळशीराम म्हणाला, अन् सगळे हसले.

मूठ फिरली. ओघळाच्याच वाटेनं निळा जाळ उतरला अन् उघड्या दारातून शंकररावांच्या अंगावर आला. हमाल पळाले. पेटत्या मालकाला गनीनंच दोन्ही हातांनी ओढून काढलं. अकोल्याच्या दवाखान्याच्या वाटेवर शंकररावांनी प्राण सोडला. फाटकाबाहेर कोणी विचारत होतं, "मंग आज काटा सुरू होईन का नाही?"

चौथ्या दिवशी फौजदारानं शरयूबाईंना विचारलं, "वीज गनीच्याच हाती होती. तो नेमकं काय म्हणाला?"

त्यांना सगळं आठवत होतं. नळी, ओघळ, त्यावर फिरलेलं स्वतःचं बोट.

"त्यानं मले कुंकू पुसाले सांगतलं."

"अजून काही?"

"नाही. एवढंच."

गनीचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. अटकेच्या कागदावर सही जमेना, तेव्हा शिपायानं एका अंगठ्याची पट्टी सोडली.