वीतभर कमी

"काका, सूत संपलं. शेला अजून वीतभर राहिलाय."

खिडकीपलीकडे ती पोर उभी होती. वय एकोणीस, काखेत अर्धवट विणलेल्या शेल्याची गुंडाळी. डोंगरातल्या आदिवासी तरुण कारागिरांना विधीच्या कपड्यांसाठी साहित्य द्यायची आमच्या ऑफिसची योजना आहे. त्यातून तिला तीन महिन्यांपूर्वी लाल सूत मिळालं होतं, आजीच्या निरोपाचा शेला विणायला.

"संपलं कसं? मागितलंस तेवढंच दिलंय," मी सवयीने खेकसलो.

"मी साडेतीनशे वाव लिहिलं होतं."

वाव म्हणजे दोन्ही हात फैलावल्यावर या बोटांपासून त्या बोटांपर्यंतचं अंतर. तो शब्द ऐकला आणि मला तिचा अर्ज आठवला.

ऑफिसात मला टाचणी म्हणतात. बत्तीस वर्षं मी अर्ज परत पाठवत आलोय. टाचणी नाही, परत. तारीख नाही, परत. सही रेघेबाहेर गेली, परत. तिचाही अर्ज परतच जायला हवा होता, कारण फॉर्ममध्ये मीटर मागितले आहेत. पण सोबत चिठ्ठी होती, आजी आजारी आहे, लवकर करा. परत पाठवला असता तर महिना गेला असता. मला कधी नव्हे ती दया आली. शिपायाला टेप धरायला लावून मी ऑफिसात हात फैलावून उभा राहिलो आणि त्या मापाने मीटर काढून लिहून टाकले. दिवसभर स्वतःवर खूश होतो. घरी गेल्यावर बायकोलाही सांगितलं.

"वाव कुणाची धरतात तुमच्यात?" मी विचारलं.

"जिच्यासाठी शेला, तिची. आजी खूप उंच आहे, काका."

मी पाच फूट दोन इंच आहे. माझ्या बायकोला शर्टाच्या बाह्या नेहमी दुमडून शिवाव्या लागतात.

"अगं, मग लड्या मोजून नाही का घेतल्यास?"

"ऑफिसचं माप होतं ना. चुकणार नाही असं वाटलं."

मी तडक साहेबांकडे गेलो. साहेबांनी फाइलमधून मान वर काढली नाही. "एका कारागिराला एकदाच. आणि टाचणी, आकडा तुम्ही बदललात हे बाहेर बोलू नका."

गेले उडत, म्हटलं, पदरचं घेऊन देतो. अर्धी रजा टाकून तिला घेऊन ऑफिसला सूत पुरवणाऱ्या रंगाऱ्याकडे गेलो. दुकानात लाल सुताचा ढीग होता. तिने एकेक लडी शेल्याला लावून पाहिली आणि खाली ठेवली.

"त्याच रंगवणीचं हवं, काका, त्याच वेळी रंगवलेलं. एका माणसाला एकच रंगवणी."

"ती केव्हाच संपली," रंगारी म्हणाला. "रंगाची मुळं आता पुढच्या वर्षी मिळतील."

मी बसने तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो. कशाला गेलो कोण जाणे, तोंड दाखवायला जागा नव्हती. आजी खाटेवर होती. पाय खाटेबाहेर आले होते.

"आजी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी माझ्या हातांनी मोजलं."

"दाखव बघू हात."

मी हात फैलावले. ती बघत राहिली, मग हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. "अगं, एवढासा तर आहे हा. खायला घाल त्याला काहीतरी."

पोर मात्र रडायला लागली. त्यांच्यात गेलेल्या माणसाला सरळ निजवून डोक्यापासून पावलांपर्यंत शेला घालतात. पावलं उघडी राहिली तर ते माणूस पुढे गेलेल्या आपल्या माणसांपर्यंत पोचत नाही, वाटेतच राहतं.

"पावलं उघडी राहतील गं तुझी," ती म्हणाली.

आजीचं हसू विरलं. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि मी निघेपर्यंत वळून पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी आजी गेली. निरोप आला तेव्हा मी कुणाला न विचारता ऑफिसातून उठलो. पोचलो तर तिला अंगणात निजवलं होतं. शेला देखणा झाला होता, काठावर इतकी बारीक नक्षी की बघत राहावं. इतकं चांगलं काम माझ्या खिडकीवरून कधी गेलं नव्हतं, आणि त्याचं मी हे करून ठेवलं होतं. मला हुंदका आवरला नाही.

पोरीने शेला खाली ओढला, तर कपाळ उघडं पडलं. वर घेतला, तर पावलं. दोनतीनदा तिने करून पाहिलं. शेवटी तिने चेहरा नीट झाकला आणि पायांशी जाऊन बसली. आजीची दोन्ही पावलं तिने आपल्या ओंजळीत घेतली. ती कुठली मावताहेत! बोटं तरी झाकली जावीत म्हणून ती तळवे पसरत राहिली.

उचलायची वेळ झाली. चौघं पुढे आले, वाकले. तिने हात काढले नाहीत.