चौऱ्याऐंशीव्या खेळाडूची वेळ

माणसांच्या अंगठ्यांवर माझा विश्वास नाही, मित्रांनो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणावर संशय घेतला तर तुम्हाला नवल वाटणार नाही. मी चावीवर चालणारे, तळहातात मावणारे एक जुने स्टॉपवॉच आहे. धावणारा निघाला की माझ्या डोक्यावरचे बटण दाबायचे, तो पोहोचला की पुन्हा दाबायचे. मधला वेळ मी सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सांगतो. पण तेव्हा मी मुठीत असतो, त्यामुळे धावणारा मला दिसत नाही. मला कळतो तो फक्त अंगठा. तो कोरडा आहे की घामेजलेला, घाई करतो आहे की रेंगाळतो आहे, एवढेच मला समजते.

माझा जन्म दक्षिण जर्मनीतल्या श्वार्झवाल्डच्या जंगलात, एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे एक तपासणीस बाई होत्या. त्या प्रत्येक घड्याळाला कानाशी धरत आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी ताडून बघत. मला त्यांनी चार दिवस बाजूला ठेवले. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "हे खरे सांगते असे दिसते. तरी सहा महिन्यांनी पुन्हा बघा." एवढेच माझे बारसे.

पुढे मी न्युरेम्बर्गला ऊवे ब्रुकनर यांच्या खिशात आलो. ते अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक. तुम्ही ज्याला फुटबॉल म्हणता तो हा खेळ नव्हे. यात चेंडू लांबट असतो, तो हातात धरून धावायचे असते, आणि समोरचे अकरा जण तुम्हाला पाडायला टपलेले असतात. नवा खेळाडू आला की ब्रुकनर त्याला चाळीस यार्ड पळवत आणि मला दाबत. मी सांगेन तो आकडा ते वहीत लिहीत. लोक म्हणत, "ब्रुकनरच्या घड्याळात बसला तो खेळाडू झाला." हे ऐकून मला अभिमान वाटायचा. पण आतून एक शंकाही कुरतडायची. काही मुलांच्या वेळी त्यांचा अंगठा सुरुवातीला जरासा रेंगाळे आणि शेवटी जरा लवकर पडे. नेमक्या त्याच मुलांचे कौतुक ते आदल्या आठवड्यात करत असत. मी सांगणार कुणाला?

मग क्लबने नवी यंत्रे आणली. त्यांना इथे लिश्टश्रांके म्हणतात. दोन खांब, मधे डोळ्याला न दिसणारा किरण. धावणारा त्यातून गेला की वेळ आपोआप नोंदली जाते. अंगठा लागतच नाही. मी कपाटाच्या खालच्या खणात गेलो. सात वर्षे मला कुणी चावी दिली नाही. माझ्या शेजारी गंजलेली एक शिट्टी होती. तिच्याशी मी बोललो नाही. ती कुणाचे ऐकून वाजायची, कोण जाणे.

आता खरी गोष्ट ऐका.

ईप्सिता दाबके ही साताऱ्याची मुलगी न्युरेम्बर्गजवळच्या विद्यापीठात संख्याशास्त्रात डॉक्टरेट करत होती. तिचा विषय ऐकून ब्रुकनर हसले होते. खेळाडूंच्या निवडीत शेवटच्या फेऱ्यांत घेतलेल्यांची खरी किंमत किती, हा तो विषय.

शाळेच्या मैदानावर दोन कप्तान आळीपाळीने आपापला संघ निवडतात ना, तशीच ही निवड असते. अमेरिकेत मोठे क्लब दरवर्षी सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात. आमच्या लीगमध्येही बारा क्लब आणि सात फेऱ्या. पहिल्या फेरीत नाव आले की टाळ्या, फोटो, मुलाखती. सातव्या फेरीपर्यंत निम्मे लोक उठून गेलेले असतात.

ईप्सिताने अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. क्लबने तिला आठवड्यातून दोन दिवस आकडेवारीच्या कामाला बोलावले, तेव्हा पहिल्याच बैठकीत तिने सांगितले की वरच्या फेरीतल्या खेळाडूची चूक 'अजून सवय नाही' म्हणून माफ होते आणि शेवटच्या फेरीतल्याची पहिलीच चूक पुरावा ठरते. त्याला खेळायलाच मिळत नाही, मग तो खेळू शकतो की नाही हे कळणार कसे? ज्यांना सारखी संधी मिळाली, त्यांच्यातला फरक लोक समजतात त्याहून फार कमी निघाला होता.

ब्रुकनरांना हे पटले नाही. आपण चाळीस वर्षे मैदानावर आहोत, कागदावर नाही, असे ते म्हणाले.

मार्चमध्ये नव्या मुलांची चाचणी होती. सकाळपासून रिमझिम होती आणि लिश्टश्रांके भिजून बंद पडली. ब्रुकनरांनी खण उघडला. सात वर्षांनी मला उजेड मिळाला, चावी मिळाली. मी लगेच चालू लागलो.

पहिल्या गटात लेनार्ट धावला. उंच, देखणा, वर्तमानपत्रांचा लाडका. ब्रुकनरांचा अंगठा ओलसर होता. मी ४.६ सेकंद दाखवले. बाजूचे लोक वाहवा म्हणाले. मला मात्र तो अंगठा आवडला नाही.

शेवटच्या गटाच्या वेळी ब्रुकनरांना फोन आला. त्यांनी मला ईप्सिताच्या हातात दिले आणि ते बाजूला गेले. त्या गटात मल्हार सोहोनी होता. बावीस वर्षांचा, शेजारच्या एर्लांगेनमध्ये वाढलेला. त्याची आई नीलिमाकाकू पुण्याहून आलेली, सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी. ईप्सिताची आणि तिची मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली होती. त्या दिवशी काकू डबा घेऊनच आल्या होत्या.

"ईप्सिता, सकाळपासून काही खाल्लं नसशील. दडपे पोहे आहेत, घे," काकू म्हणाल्या.

ईप्सिताने सगळे संपल्यावर घेते असे सांगून डबा बाकावर ठेवला. मल्हार आईला जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला. आई मराठीत बोलायची, तो नेहमी जर्मनमध्येच उत्तर द्यायचा. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. चाचणीच्या दिवशी डबा?

मल्हार धावला. ईप्सिताच्या अंगठ्याने मला दाबले. तो अंगठा जरा रेंगाळला. ४.६. लेनार्टएवढेच.

फोन संपवून ब्रुकनर परत आले. त्यांनी आकडा पाहिला, मल्हारचे नाव वाचले, बाकावरच्या डब्याकडे पाहिले आणि शेवटी ईप्सिताकडे.

"तुमची ओळख आहे या कुटुंबाशी, फ्राऊ दाबके?"

"हो, आहे," ती म्हणाली.

त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतले आणि मल्हारला पुन्हा धावायला सांगितले. या वेळी अंगठा कोरडा आणि कडक होता. ४.९. ब्रुकनरांनी तोच आकडा वहीत लिहिला. ईप्सिताने आपला आकडा खोडायला सांगितला, वाद घातला नाही. आणि मित्रांनो, खरे सांगतो, तेव्हा मी ब्रुकनरांच्याच बाजूचा होतो. त्या मुलीने आपल्या माणसासाठी मला वापरले, असे मला वाटले. तसे वाटले की माझ्या आतल्या स्प्रिंगचा ताणही बदलतो. दिवसभर मला राग होता.

एप्रिलमध्ये निवड झाली. लेनार्टला आमच्या क्लबने पहिल्याच फेरीत घेतले. सातव्या फेरीत आमची पाळी सगळ्यात शेवटची, चौऱ्याऐंशीवी होती. ब्रुकनर म्हणाले की या हक्काला काही किंमत नाही, दुसऱ्या क्लबला देऊन टाकू. ईप्सिताने मल्हारचे नाव पुढे केले. त्याच्या वेगाबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. त्याच्या तीन वर्षांच्या सामन्यांचे चित्रण तिने पाहिले होते. किक मारल्यावर पलीकडे चेंडू झेलणाऱ्याला धावत जाऊन पाडायचे, हे मल्हारचे काम. ते त्याने एकशे बारा वेळा केले होते आणि त्यात फक्त पाचदा तो चुकला होता. असे काम कुणी मोजत नाही, म्हणून ते शेवटपर्यंत उरते, असे तिचे म्हणणे होते.

ब्रुकनरांनी खांदे उडवले. बिघडण्यासारखे काही नाही, लिहा नाव, असे म्हणून ते कॉफी घ्यायला गेले. नाव पुकारले तेव्हा दालनात थोडेच लोक होते. नीलिमाकाकूंनी मात्र उभ्या राहून टाळ्या वाजवल्या.

जुलैमध्ये सराव शिबिर सुरू झाले. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी दहा जणांना घरी पाठवायचे होते. त्याआधीच्या सराव सामन्यात मल्हारचा पाय घसरला, पाडायचा माणूस निसटला आणि समोरच्यांना गुण मिळाले. त्याच सामन्यात लेनार्टच्या हातून तीन चेंडू सुटले. संध्याकाळी चहाच्या वेळी ब्रुकनरांनी जायच्या मुलांची यादी केली. पहिलेच नाव मल्हारचे होते.

मी त्या वेळी त्यांच्या टेबलावर होतो. ईप्सिता आत आली. तिने विचारले, की लेनार्टच्या तीन चुकांचे काय?

"त्याचा जम बसेल अजून. पहिल्या फेरीतला आहे," ब्रुकनर म्हणाले.

"आणि मल्हारचा जम बसणार नाही, कारण तो शेवटच्या फेरीतला आहे?"

ब्रुकनरांनी चहाचा कप बाजूला सारला. मग शांतपणे म्हणाले, "फ्राऊ दाबके, तो तुमच्याकडचा आहे. मार्चमध्ये तुम्ही त्याला तीन दशांश सेकंद भेट दिलेत. तुमचे मी का ऐकावे?"

मला वाटले, आता ती रडेल किंवा चिडेल. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "माझं ऐकू नका. मी मार्चचं चित्रण थांबवून थांबवून पाहिलं. मल्हारने पाय उचलल्यावर मी बटण उशिरा दाबलं. मुद्दाम नाही, पण दाबलं. ते मी प्रबंधात माझ्या नावानिशी लिहिलं आहे. आता फक्त एक करा. उद्या सकाळी लिश्टश्रांके लावू, आणि हातातलं घड्याळ तुम्ही धरा. दोघंही धावू देत."

 माझा संशय खरा ठरला होता आणि तरी मला जिंकल्यासारखे वाटत नव्हते. स्वतःची चूक स्वतःच शोधून काढणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच भेटत होतो.

दुसऱ्या दिवशी ऊन होते. यंत्रे नीट चालत होती. आधी लेनार्ट धावला. ब्रुकनरांच्या अंगठ्याने मला दाबले, तोच ओलसर, रेंगाळणारा अंगठा. माझ्यावर ४.६ उमटले. यंत्राने दाखवले ४.८१.

मग मल्हार धावला. कोरडा, कडक अंगठा. माझ्यावर ४.९. यंत्रावर ४.८२.

 मल्हार कमरेवर हात ठेवून श्वास घेत होता, त्याला कुणी आकडे सांगितलेच नव्हते. ब्रुकनरांनी मला पालथे केले, पुन्हा सुलटे केले, जणू दोष माझ्यात आहे. मग त्यांनी दोघांना पुन्हा धावायला लावले. पुन्हा तेच झाले. अंगठ्याने पहिल्या फेरीतल्याला दोन दशांश दिले आणि शेवटच्या फेरीतल्याकडून एक काढून घेतला.

"चाळीस वर्षे," ब्रुकनर एवढेच म्हणाले.  किती मुलांना या अंगठ्याने घरी पाठवले असेल, हे ते मोजत असावेत. माझ्याही मनात तोच हिशेब चालू होता. मी त्यांच्या सोबत होतो, आणि मी गप्प होतो.

मल्हारचे नाव यादीतून गेले. पण दहा जण जायचेच होते. म्हणून ब्रुकनरांनी सगळ्या संघाची वेळ यंत्रावर घेतली, चुका सगळ्यांच्या सारख्या मोजल्या आणि यादी नव्याने केली. त्यात तिसऱ्या फेरीतला एक मुलगा गेला. तो मैदानाच्या कडेला बसून बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत होता, असे मी ऐकले. न्याय झाला तरी कुणाच्या तरी वाट्याला तो कडू येतोच.

मल्हार काही मोठा तारा झाला नाही. तीन हंगाम खेळला, वर्तमानपत्रात त्याचे नाव दोनदा आले, त्यातही एकदा चुकीचे छापले. पण किक झाली की त्याच्या बाजूने चेंडू न्यायला समोरचे कचरत. लेनार्टही पुढे चांगला खेळला. त्याचा यात काही दोष नव्हता. ईप्सिताला डॉक्टरेट मिळाली आणि ती उंटरश्लाइसहाइम गावी नोकरीला लागली. तिच्या प्रबंधात स्वतःच्या अंगठ्याविषयी जे पान आहे, ते ब्रुकनर नव्या प्रशिक्षकांना वाचायला देतात.

आणि मी? मी अजून चालतो. वर्षातून एकदा मला तेल लागते, तेवढे मिळाले तर माझी काही तक्रार नाही. जुन्या वस्तूंना खणात टाकू नका, एवढे मी सांगेन. नव्या यंत्रापुढे त्या कमी पडत असतील, पण माणसाचा हात कुठे वळतो हे त्यांनाच ठाऊक असते.

मित्रांनो, मी तुम्हाला संशय सोडा असे सांगणार नाही. संशयाशिवाय मला जगताच येत नाही. पण तो आधी स्वतःवर घ्या, मग जो तुम्हाला सगळ्यात जास्त आवडतो त्याच्यावर घ्या. आणि निवडताना जो शेवटी उरेल, त्याला आणखी एकदा धावू द्या. त्या वेळी घड्याळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.